निवटी

अठ्ठावीस आठवडे, चार दिवस.
वजन नऊशे ऐंशी ग्रॅम.
आमच्या दिवागावच्या बाजारात
मांदेलीचा एक वाटा एवढा भरतो,
हे मी कोणाला बोलले नाही.

मनगटावर पट्टी: हर्षालीचं बाळ.
नाव नाही अजून.
बारावा दिवस कुठून धरायचा,
आली तिथून, की यायची होती तिथून?

पहिल्याच तासात नळीतून तिच्या छातीत
पांढरं काहीतरी सोडलं,
दुधासारखं, पण दूध नव्हे.
फुप्फुसातल्या पिशव्या आतून चिकटतात म्हणे,
भाजीवाल्याकडच्या कोऱ्या पिशव्यांसारख्या;
तो बोट ओलं करून चोळतो
तेव्हा कुठे तोंड उघडतं.
ती ओल शरीर स्वतःच करतं,
पण अगदी शेवटी,
लग्नघरात सगळं झाल्यावर रांगोळी काढतात तशी.
आमची पोर रांगोळीच्या आधीच दारात.

आता नाकात दोन मऊ नळ्या
आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत,
पाच सेंटिमीटर बुडलेलं.
बुडबुड. बुडबुड.
शेर्ली सिस्टर म्हणते, हे थांबलं तर हाक मार.
एवढंच काम दिलंय मला.
मी ते नोकरीसारखं करते.

ओहोटीला बाबा खाडीवर न्यायचे.
चिखलात बोटाएवढं भोक,
भोकाच्या तोंडाशी एक बुडबुडा.
"थांब गो. येल ती वर. हवा घ्याला येल."
निवटी यायची.
आधी डोळे, मग बाकीची ती,
पाण्यातली असून पाण्याबाहेर,
कुठलीच पुरती नाही.
बाबांचा हात कोपरापर्यंत आत जायचा.
घरी आंबट कालवण व्हायचं.
आता कोणी ताटात वाढली
तर गिळवेल का, माहीत नाही.

नवव्या रात्री अडीचला
ती श्वास घ्यायला विसरली.
विसरतात, शेर्ली म्हणाली,
मेंदूला अजून सवय नाही.
एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी. बहात्तर.
तिने तळपायाला टिचकी मारली,
वर्गात डुलकी लागलेल्या पोरीला मारावी तशी,
आणि फासळ्यांमधला खळगा
एकदा खोल गेला,
भरला.

सकाळी कॉफीतलं औषध वाढवलं.
हो, कॉफीतलंच.
जितेन नऊ दिवसांत पहिल्यांदा हसला.
"तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला मी रात्रपाळीत पितो, ते?"
हिचीपण रात्रपाळीच आहे, मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई काहीच गोड करून सांगत नाहीत.
फुप्फुसावर डाग राहतील.
थंडीत जपा. कदाचित घरीही ऑक्सिजन लागेल,
लाइट गेली तर काय करायचं ते आधी ठरवा.
मग पेन बंद करता करता म्हणाल्या,
नव्या पिशव्या उगवत राहतात पण,
सात-आठ वर्षांची होईपर्यंत.

मी जिन्यात जाऊन बोटांवर मोजलं.
म्हणजे तिसरीत जाईल तेव्हाही
आत काम चालू असेल,
गणवेशाच्या खाली, बटणांच्या मागे.

जिन्याच्या खिडकीतून वाशीची खाडी दिसते,
आणि काठाला तिवरं,
मुळं चिखलातून उलटी वर आलेली, पेन्सिलीएवढी, शेकड्यांनी.
बाबा म्हणायचे, हे झाड नाकांवर उभं आहे.
भरतीत सगळी नाकं बुडतात.
तेवढा वेळ झाड कसं काढतं
ते मी विचारलं नव्हतं.

अकराव्या दिवशी तिला माझ्या अंगावर दिलं,
नळ्यांसकट, गाऊनच्या आत.
ओली, गरम,
एका हाताखाली सगळी मावणारी.
माझा श्वास खाली गेला की तीही खाली जायची.
मी हळूहळू घेऊ लागले, उगाच,
तिला नक्कल करायला सोपं पडावं म्हणून.

आणि बाटली गप्प झाली.

मी एवढ्याने ओरडले
की पलीकडची जुळी जागी झाली.
शेर्ली आली, वाकली,
माझं कोपर उचलून बाजूला ठेवलं.
नळी दबली होती त्याखाली.

बुडबुड.
"काम बरोबर केलंस," ती म्हणाली,
"आता हात जरा वर ठेव."